मुठीत धरलेलं रक्त

अक्काताई चौगुले यांना राजारामपुरीतल्या त्या लॅबमध्ये एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना मॅडम म्हटलेलं त्यांना खपलं नाही. सगळे आक्का म्हणतात. डॉक्टर म्हणतात, बाहेरचे रिक्षावाले म्हणतात, साखर तपासायला येणारे त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा आक्काच म्हणतात. दिसायला बाई काही खास नाही. बुटकी, अंगानं भरलेली, जाड काचेचा चष्मा, पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन पेनं आणि वेलदोड्याची पुडी. पण या बाईच्या आकड्यावर निम्म्या कोल्हापुरातली औषधं चालतात. दुसरीकडचा रिपोर्ट घेऊन कुणी गेलं की डॉक्टर कागद उलटासुलटा करून बघतात आणि म्हणतात, एकदा आक्कांकडनं करून आणा.

कुरुंदवाडच्या जैन घरातली ही पोर. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालायचं, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, असल्या घरातली मुलगी दिवसभर लोकांच्या अंगातनं रक्त कशी काढते, याचा तिच्या अव्वाला, म्हणजे आईला, शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. लग्नाच्या बैठकीत मुलगी काय करते असं विचारल्यावर अव्वानं "दवाखान्यात लिवायचं काम करती" असं ठोकून दिलं होतं. सासरी सहा महिन्यांनी खरं कळलं. सासूबाईंनी त्यांचा पांढरा कोट परसात पेरूच्या झाडाला टांगायला लावला. पुढं सासूबाईंनाच साखर निघाली, दर आठवड्याला सुनेपुढं बोट करायची वेळ आली, आणि कोट आपसूक घरात आला.

अक्काताईंचे नियम दोनच. आकडा धोक्याचा निघाला की कागद छापायची वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा, हा पहिला. आणि नातेवाइकांशी आकड्यावर चकार शब्द बोलायचा नाही, हा दुसरा. काउंटरवर कुणी रडवेला होऊन विचारलं की त्या म्हणत, "आकडा माझा, अर्थ डॉक्टरचा." लोक त्यांना दगड म्हणायचे. त्या म्हणायच्या, दगड तर दगड, दगडाला निदान खोटं बोलता येत नाही.

कोरोनात लॅबच्या दारात मारामाऱ्या झाल्या तेव्हा टोकनाची पद्धत त्यांनीच आणली. आल्या आल्या नंबर घ्यायचा आणि गुमान बाकावर बसायचं. पुढाऱ्याचा भाचा असो नाहीतर नगरसेवकाची सासू, नंबर आल्याशिवाय खिडकी उघडत नाही. या टोकनाचा त्यांना भलताच अभिमान होता. पाहुण्यांत बसल्या तरी त्या टोकनाचं कौतुक सांगत.

एप्रिलातल्या एका मंगळवारची गोष्ट. हुपरीचे बाळासो, वय अठ्ठावन्न, चांदीच्या पैंजणांना डाग लावायचं, म्हणजे सांधे जोडायचं, काम करणारा कारागीर. सकाळी आठला भट्टीपुढं बसलेले असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि सुरी फिरवावी तशी पाठीतनं खाली कमरेपर्यंत उतरली. बी. पी.च्या गोळ्या त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडल्या होत्या, बरं वाटतंय म्हणून. बायको चिमणाबाई, मुलगी अनुजा आणि मेहुणे आकाराम यांनी त्यांना गाडीत घालून कोल्हापूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आणलं. तिथं स्कॅनमध्ये दिसलं की महारोहिणी फाटली आहे.

महारोहिणी म्हणजे काळजातनं निघून कण्याच्या कडेनं पोटात उतरणारी, अंगठ्याहून जाड मुख्य नळी. तिच्या भिंतीचा आतला थर फाटला की रक्त दोन थरांच्या मधे घुसतं आणि मधली वाट फाडत खाली जातं. वाटेत ज्या अवयवाची फांदी सापडेल ती दाबली जाते. ऑपरेशन केलं तर माणूस वाचू शकतो, पण दर तासाला आशा कमी होत जाते. आणि कुणाला टेबलावर घ्यावं, कुणाला घेण्यात अर्थ उरला नाही, हे ठरवताना डॉक्टर स्कॅनबरोबर रक्तातलं लॅक्टेटही बघतात. रक्त न पोचलेला अवयव कळवळतो आणि हे आम्ल रक्तात सोडतो. दोनच्या आत असलं तर ठीक, चारपर्यंत गेलं की काळजी, आणि सहाच्या पुढं सरकलं की आतडी, मूत्रपिंडं आतल्या आत मरायला लागली असं समजायचं.

त्या दिवशी हॉस्पिटलचं स्वतःचं लॅक्टेटचं मशीन नेमकं बंद पडलं होतं. नर्सनं दहा वाजता बाळासोंच्या मनगटातनं सिरिंजभर रक्त काढलं, टोक बंद केलं, चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि समोर उभ्या असलेल्या अनुजाच्या हातात दिलं. "आक्कांच्या लॅबमधी ने. जपून ने." एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटकडं पळाली. बर्फ दिला नाही, काढल्याची वेळ लिहिली नाही.

आता जपून म्हणजे कसं, हे त्या बावीस वर्षांच्या पोरीला कोण सांगणार. बापाचं रक्त आहे, गार पडलं तर मरेल, असं तिला वाटलं. तिनं सिरिंज मुठीत घेतली, मूठ ओढणीखाली छातीशी धरली आणि रिक्षात बसली. लॅबमध्ये पोचली तेव्हा दारातल्या मुलीनं तिला टोकन दिलं. नंबर सत्तेचाळीस. आत एकोणतीस चालू होता. हुपरीची पोर, शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये पहिल्यांदा आलेली, बाकावर बसली. तिनं कुणाला विचारलं नाही आणि तिला कुणी विचारलं नाही. पन्नास मिनिटं ती मूठ सैल न करता बसली होती.

सव्वाअकराला सिरिंज खिडकीतनं आत गेली. अक्काताईंनी ती मशीनला लावली. सहा पॉइंट नऊ आलं. त्यांनी खात्रीसाठी पुन्हा लावली. सहा पॉइंट नऊच. मशीनचा दोष नव्हता. त्यांनी लगेच हॉस्पिटलच्या डॉक्टर राजवर्धनना फोन लावला. "डॉक्टर, हुपरीच्या पेशंटचं लॅक्टेट सहा पॉइंट नऊ." डॉक्टर म्हणाले, "बरं आक्का. म्हणजे फार उशीर झालाय." फोन ठेवला.

पुढचा नमुना हातात घेता घेता अक्काताईंची नजर त्या चिठ्ठीवर गेली. नाव होतं. वेळेची जागा कोरी होती. हे त्यांनी फोनच्या आधी बघायचं असतं. एकतीस वर्षांत हजारो वेळा बघितलं होतं. त्या मंगळवारी गर्दी होती, आकडा धोक्याचा होता, आणि हात आधी फोनकडं गेला.

त्या खिडकीशी आल्या. अनुजा अजून तिथंच उभी होती, उजव्या हाताची बोटं आखडलेली.

"रक्त किती वाजता काढलं गं?"

"धाला."

"आन् आत्तापर्यंत कुठं हुतीस?"

"हितंच नंबराला बसलो हुतो की."

"बर्फात ठेवलंतं काय?"

"न्हाय. गार पडंल म्हणून मुठीत धरलतं. नर्सबाई म्हणल्या, जपून ने."

अंगाबाहेर आलं तरी रक्त लगेच मरत नाही. त्यातल्या पेशी उबेत आपल्या खात राहतात आणि तेच आम्ल सोडत राहतात. म्हणून ते रक्त बर्फात ठेवायचं आणि पंधरा मिनिटांत मशीनला लावायचं. इथं तर सव्वा तास ते अंगाच्या उबेत होतं. फोनवर सांगितलेला आकडा बाळासोंचा नव्हता. किती त्यांचा आणि किती मुठीचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

त्यांनी डॉक्टरांना तीन फोन केले. उचलला नाही. मग चौथा करण्यात वेळ न घालवता त्यांनी आपला जेवणाचा डबा रिकामा केला, फ्रिजमधला बर्फ त्यात ओतला, नवी सिरिंज घेतली आणि अनुजाला दंडाला धरून रिक्षात बसवलं. वाटेत सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा, "अरे घाल की पुढं, बघतोस काय," असं त्या ओरडल्या. एरवी सिग्नल तोडणाऱ्याला त्या चार शब्द सुनावत असत.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर लिफ्टपाशी आणलेलं होतं. डॉक्टरांनी नातेवाइकांना खरं ते सांगितलं होतं. आकडा असा आहे, टेबलावरच जाण्याची शक्यता जास्त, निर्णय तुमचा. आकाराम मामांनी निर्णय घेतला होता. डोळे उघडे आहेत तोवर माणूस घरी न्यावा, चार माणसांत जावा. चिमणाबाई नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी करत होत्या. बाळासो शुद्धीवर होते, "चला की घरला" म्हणत होते. वेदनेच्या औषधानं त्यांची जीभ जड झाली होती.

अक्काताई स्ट्रेचरच्या आडव्या उभ्या राहिल्या. "थांबा. न्यायचं न्हाय."

"तुमी कोण?" आकाराम म्हणाले.

"लॅबची."

तेवढ्यात डॉक्टर राजवर्धन बाहेर आले. "आक्का, तुमचाच आकडा बघून आम्ही—"

इथं अक्काताईंनी दुसरा नियम मोडला. नातेवाइकांसमोर, लिफ्टच्या दारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "त्यो आकडा खोटा हाय. ह्या पोरीनं रक्त तासभर मुठीत उबेला धरलं, म्हणून चढला. मी परत काढते."

या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. बर्फ कुणी दिला नाही, टोकन कुणी हातात ठेवलं, वेळ कुणी विचारली नाही, एवढंच काय ते त्यात नव्हतं. चिमणाबाई, आकाराम आणि तिथं उभी असलेली दोन परकी माणसं अनुजाकडं वळून बघायला लागली. अक्काताईंनी ते पाहिलं नाही. त्या खाली वाकून बाळासोंच्या मनगटावर नाडी शोधत होत्या.

नवं रक्त डब्यातल्या बर्फात घालून त्यांनी स्वतः लॅबमध्ये नेलं, आणि दुसरा आकडा बारा वाजून दहा मिनिटांनी आला. चार पॉइंट आठ. चांगला नव्हताच, पण दार बंद झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा नातेवाइकांना समजावलं, रक्ताच्या बाटल्यांची जमवाजमव झाली, आणि दीडच्या सुमाराला बाळासोंना आत घेतलं. पहिल्याच वेळी आकडा बरोबर आला असता तर ते बाराच्या आधी आत गेले असते. त्या संध्याकाळी अक्काताईंनी हा हिशोब कागदावर मांडला नाही. तो त्यांच्या डोक्यात आपोआप होत राहिला.

ऑपरेशन सात तास चाललं आणि बाळासो त्यातनं बाहेर आले. पण मूत्रपिंडं सुधारली नाहीत. रोज सकाळी त्यांचं रक्त अक्काताईंच्याच लॅबमध्ये येई, आता बर्फात, वेळ टाकून. मूत्रपिंडं थकली की चढणारं क्रिएटिनिन बुधवारी दोन, गुरुवारी साडेतीन, शुक्रवारी पाच. हुपरीतलं कुणी भेटलं नाही, कुणाचा फोन नाही, पण बाळासो कसे चाललेत हे त्या घरातल्या माणसांच्या आधी त्यांना कळत होतं. शनिवारी सकाळी नमुना आला नाही. त्यांनी दुपारपर्यंत वाट बघितली, मग हॉस्पिटलला फोन केला.

डॉक्टर राजवर्धन पुढं एकदा लॅबमध्ये आले तेव्हा स्वतःहून म्हणाले, "आक्का, दीड तास आधी घेतला असता तर वाचला असता, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही."

"आणि वाचला नसता असं?"

"तेही नाही." डॉक्टर खोटं बोलणाऱ्यातले नव्हते, आणि म्हणूनच अक्काताईंना ते त्या दिवशी नकोसे वाटले. हजार गोष्टींचे आकडे काढणारी ही बाई. या एका गोष्टीचा आकडा जगात कुठल्या मशीनवर निघणार नव्हता.

त्यांनी लॅबच्या दारात मोठ्या अक्षरात पाटी लावली: हॉस्पिटलमधून आणलेलं रक्त नंबर न लावता थेट आत द्यावं. दारातल्या मुलीला वेळ विचारायला शिकवलं. मालकांनी शाबासकी दिली. ती शाबासकी घेताना अक्काताईंना स्वतःची किळस आली. पाटी लावणं फार सोपं काम होतं.

बाळासोंचे दिवस होऊन गेले आणि अनुजा लॅबमध्ये आली. असा आजार घराण्यात असू शकतो, मुलांनी तपासून घ्यावं, अशी डॉक्टरांची चिठ्ठी तिच्याजवळ होती. पुन्हा टोकन घेऊन ती बाकावर बसली होती. अक्काताईंनी काचेतनं तिला पाहिलं आणि स्वतः बाहेर जाऊन आत आणलं. पोरगी निम्मी झाली होती. रक्त काढताना तिनं मान फिरवली नाही, नळीत भरणाऱ्या रक्ताकडं बघत राहिली.

"मॅडम, एक इचारू काय?"

"इचार."

"मी त्ये मुठीत धरलं म्हणून आबा गेला न्हवं?"

अक्काताईंनी सुई काढली, कापूस दाबून धरला. "कोण म्हणलं असं?"

"म्हणायला कशाला पायजे. तुमीच सांगिटलासा की सगळ्यांम्होरं." ती तक्रार करत नव्हती. शाळेत बाईंनी शिकवलेलं सांगावं तसं सांगत होती. "आई तवापास्नं माझ्याशी बोलत न्हाय. ताट वाढती आन् उठून जाती. मामा म्हणतोय, पोरीला कामाचं वळण न्हाय. शेजारच्या बायका इचारायल्यात, रक्त व्हय गं, आन् हातात धरलीस?"

त्या माणसाला वाचवायला म्हणून जे वाक्य अक्काताई बोलल्या होत्या, ते त्या माणसाच्या मागं त्याच्या घरात राहायला गेलं होतं. तीन आठवडे ते वाक्य त्या घरात जेवत होतं, झोपत होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. पाटी लावून आपण सुटलो, असं त्यांना वाटलं होतं.

"अनुजा, ऐक. कुणी रक्त आणून दिलं की त्ये कधी काढलं ह्ये इचारायचं काम माझं. तुजं न्हवं. तुला बर्फ दिला न्हाय ती चूक तिकडची. तुला नंबराला बसवलं ती चूक माझ्या लॅबची. आन् न इचारता फोन केला ती माझी."

"मग आबा त्यानंच गेला?"

"त्ये मला म्हाईत न्हाय. डॉक्टरलाबी न्हाय. खोटं कशाला सांगू."

अनुजानं कापूस उचलून बघितला, पुन्हा दाबला. मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग, मॅडम. मी काय, गप बसीन. आईला सांगा की."

अक्काताई लगेच गेल्या असं लिहायला आवडलं असतं, पण त्या लगेच गेल्या नाहीत. चार दिवस त्यांनी कारणं काढली. आकाराम लॅबवर केस घालतील. मालक म्हणतील, कुणी सांगितलं होतं तुम्हाला. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, एवढ्या वर्षांचं नाव आहे. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे लाज, पण ते त्यांनी यादीत धरलं नाही. दुपारचा डबा तसाच घरी परत जायला लागला. रविवारी सकाळी त्यांनी साडी बदलली, घरी कुणाला काही सांगितलं नाही, आणि हुपरीची बस धरली.

गल्लीत दोन्ही बाजूंनी घराघरांतनं पैंजणं ठोकल्याचा आवाज येत होता. एकाच घरातनं येत नव्हता. पुढच्या खोलीत भट्टीवर पोतं टाकलेलं होतं. चिमणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारच्या तीन-चार बायका होत्या, आणि आकाराम खुर्चीवर पेपर वाचत होते. अक्काताईंना त्यांनी ओळखलं. "या," एवढंच म्हणाले.

अक्काताई बसल्या नाहीत. बसलं की बोलणं दुसरीकडं जातं, हे त्यांना ठाऊक होतं.

"मी लॅबची. त्या दिवशी लिफ्टपाशी सगळ्यांम्होरं मी म्हणले, ह्या पोरीनं रक्त मुठीत धरलं म्हणून आकडा चुकला. अर्धंच सांगितलं. रक्त कधी काढलंय ह्ये बघायचं काम माझं हुतं. त्ये मी बघितलं न्हाय, आन् तसाच डॉक्टरला फोन केला. पोर रक्त घेऊन माझ्याच दारात पन्नास मिन्टं बसली हुती, कारण मीच तसा नियम केलाय. तिला कुणी कायबी सांगितलं न्हवतं. तिनं बापाचं रक्त जपलं. चूक माझी हाय. त्या दिवशी तिचं नाव घेतलं, माझं घेतलं न्हाय. म्हणून आलो."

बायकांतली एक पुटपुटली. आकारामांनी पेपर घडी केला. "म्हणजे आमचा माणूस तुमच्यामुळं..."

"दीड तास माझ्यामुळं गेला. माणूस त्यामुळं गेला का, त्ये मला सांगता यायचं न्हाय. तुमास्नी जे करायचं असंल त्ये करा. मी नाकारणार न्हाय."

आकाराम बहिणीकडं बघायला लागले. चिमणाबाईंची नजर भट्टीवरच्या पोत्यावर होती. त्या रडल्या नाहीत. बाहेर ठोकण्याचा आवाज चालूच होता. आतल्या दाराशी अनुजा येऊन उभी राहिली होती, तिचा हात चौकटीवर होता.

मग चिमणाबाईंनी मान वळवली. अक्काताईंकडं नाही, आतल्या दाराकडं.

"आनू," त्या म्हणाल्या, "पाणी आण ह्यास्नी."

अनुजाला आधी समजलंच नाही की हे आपल्याला म्हटलंय. मग ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि फुलपात्र काठोकाठ भरलेलं होतं. अक्काताईंनी उभ्यानंच पाणी घेतलं. सगळं प्यायल्या आणि फुलपात्र तिच्या हातात परत दिलं.

तेव्हा चिमणाबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं.

"प्यालासा न्हवं पाणी? आता जावा," त्या म्हणाल्या. "आन् परत येऊ नकासा."